वीतभर जागा

१

जुनं चाक माझ्या नवऱ्याने मोडलं. हाताने नाही, अंगाने. सकाळची फेरी होती, बोट माणसांनी भरलेली, जो तो कामावर पोचायच्या घाईत, आणि खाडीच्या मधोमध त्याला लकव्याचा झटका आला. तो चाकावर पालथा कोसळला. त्याच्या वजनाने चाकाची लाकडी कडा तडकली, एक आरा तुटला आणि बोट जागच्या जागी गोल फिरायला लागली. मी मागे तिकिटं फाडत होते. पलीकडचा काठ दुसऱ्यांदा समोरून सरकत गेला, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.

केबिनमध्ये धावले. दोघातिघांच्या मदतीने त्याला खाली झोपवलं आणि लग्नानंतर पहिल्यांदा त्या चाकाला हात लावला.

वाढवून सांगत नाही. मी त्या बोटीवर उभं आयुष्य काढलं. दोर बांधले, फळ्या घासल्या, डिझेलचे डबे वाहिले, लोकांच्या ओकाऱ्या पुसल्या. पण केबिनच्या आत मला मज्जाव होता. चहासुद्धा दारातून द्यायचा. "ही जवळ आली की माझं लक्ष उडतं," असं तो लोकांना सांगायचा आणि लोक हसायचे. मीही हसायचे. चारचौघांत मी त्याला 'अहो' म्हणायचे, मनात मात्र 'तो'. लोकांचा तो कप्तान. मी कप्तानची बाई.

तर त्या दिवशी बोट मी धक्क्याला लावली. ठोकर बसली, रंग खरवडला, पण लावली. दवाखान्यात त्याचा जीव वाचला. डावी बाजू मात्र गेली आणि जीभ जड झाली. शुद्धीवर आल्यावर पहिली गोष्ट त्याने विचारली ती ही, "चाक... कोणी... धरलं?"

"मी."

त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

२

परवान्याची परीक्षा मी दिली आणि पास झाले. सकाळी त्याला उठवायचं, अंग पुसायचं, कपडे चढवायचे, खिडकीपाशी खुर्चीत बसवायचं आणि बोटीवर जायचं. खिडकीतून धक्का दिसायचा. मी बोट सोडताना तो बघत असायचा. संध्याकाळी घरी आले की दिवसभराच्या चुका ऐकायच्या. वळण मोठं घेतलंस. वेग उशिरा कमी केलास. जीभ जड झाली होती, पण टोमणा तेवढा स्पष्ट यायचा.

मोडकं चाक तार आणि चिकटपट्टी गुंडाळून वापरत होते. शेवटी धक्क्यावरच्या अधिकाऱ्याने बजावलं, की चाक बदला, नाहीतर माणसं चढवू नका. एवढ्या जुन्या बोटीचं चाक बाजारात कुठलं मिळायला! मग मिस्त्रीला बरोबर घेतलं. मिस्त्री म्हणजे आमच्या धक्क्यावरचा जुना माणूस, सगळ्या बोटींची दुखणी त्याला तोंडपाठ, आणि जिभेला लगाम नाही.

"वहिनी, ह्या बोटीला चाक शोधायचं म्हणजे म्हाताऱ्याला शाळेचा गणवेश शोधायचा," तो म्हणाला.

जुन्या बोटी मोडतात त्या आवारात आम्ही फिरलो. गंजलेले पंखे, फुटक्या काचा, नांगरांचा ढीग. एका कोपऱ्यात ताडपत्रीखाली ते चाक होतं. काळसर लाकडाची गोल कडा, मधला भाग पितळी, सगळे आरे जागच्या जागी. आकार आमच्या चाकापेक्षा बोटभर मोठा. लाकूड इतकं गुळगुळीत, की त्यावरून हात फिरवत राहावासा वाटला.

"कुठल्या बोटीचं?" मिस्त्रीने विचारलं.

आवारातला माणूस दुसरीकडे बघत म्हणाला, "बोट नाही आली. चाकच आलं."

३

जुनं चाक काढायलाच अर्धा दिवस गेला. मधला नट नवऱ्याने कधीकाळी असा आवळला होता, की पाना नुसता घसरायचा. गंज सोडवायचं तेल ओतून वाट पाहिली. मग मिस्त्रीने पान्याला लांब नळी जोडून जोर लावला आणि नट कुरकुरत फिरला. तरी चाक निघेना. चाक ज्या दांड्यावर बसतं त्याचं टोक निमुळतं असतं आणि चाकाच्या मधल्या भोकालाही तसाच उतार असतो, म्हणून ते रुतून बसतं. चाक ओढून काढायचा पुलर लावला, स्क्रू पिळत गेला, आणि काडकन आवाज होऊन चाक सुटलं.

"कप्तानने लावलं होतं ते मरेपर्यंत काढायचं नाही म्हणूनच," मिस्त्री घाम पुसत म्हणाला. मग त्याचं त्यालाच चुकल्यासारखं वाटलं आणि तो हत्यारं पुसायला लागला.

आणलेल्या चाकाचं भोक किंचित मोठं होतं. त्याने आत पितळी कडं बसवून घेतलं होतं. सुकाणू सरळ केलं, चाक दांड्यावर घसरू नये म्हणून खाचेत लोखंडी चावी ठोकली, चाक चढवलं, नट आवळला. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवून पाहिलं. लोण्यासारखं फिरलं.

"धरून बघा, वहिनी."

मी धरलं आणि लगेच सोडलं.

माणूस चाक धरतो तेव्हा अंगठे त्याच्या बाजूला राहतात आणि चार बोटं कडेच्या मागून वळसा घेतात. वर्षानुवर्षं धरलं की मागच्या बाजूला बोटांच्या खळ्या पडतात. आमच्या जुन्या चाकावर नवऱ्याच्या होत्या तशा. ह्या चाकावरही खळ्या होत्या, दोन्ही हातांच्या, स्वच्छ कळतील अशा. पण त्या माझ्या बाजूला होत्या. चार इकडे, चार तिकडे. अंगठ्यांच्या दोन मागे, काचेच्या बाजूला.

मिस्त्रीने खळ्यांवरून बोट फिरवून पाहिलं. "उलटं बसवलं की काय आपण?"

पण भोकाचा उतार एकाच बाजूने बसतो. उलटं चढलंच नसतं. हे त्याला माझ्याआधी कळलं.

"शिकवणारा असेल कोणी," तो म्हणाला. "शिकणारा इकडून धरणार, मास्तर समोरून."

मी चाकावरून हात पुढे घातला. चाक आणि पुढची काच यांत वीतभर जागा. काचेखाली मीटरची फळी, तीही चाकाला लागूनच. तिथे उभं राहायचं तर माणसाला कमरेपासून खाली अंगच नको.

"त्या बोटीत जागा असेल," मिस्त्री म्हणाला.

पटण्यासारखं होतं. मला पटवून घ्यायचंही होतं. आम्ही खळ्यांत लांबी भरली, सुकल्यावर पॉलिशपेपरने घासली, वरून व्हार्निशचे दोन हात दिले. कडा एकसारखी झाली. जणू कोणी कधी धरलीच नव्हती.

४

पहिले काही दिवस मला त्या चाकाचं कोण कौतुक! बोट पूर्वीपेक्षा सरळ जाई. धक्क्याला लावताना ठोकर बसेना. पहिल्या फेरीला रोज एक नर्सबाई असायच्या, पलीकडच्या रुग्णालयात नोकरीला. त्या उतरताना म्हणाल्या, "हात बसला हो तुमचा."

मला इतकं बरं वाटलं, की त्या दिवशी घरी जाऊन मी ते नवऱ्याला सांगितलं. सांगायला नको होतं. तो म्हणाला, "चाक... चांगलं... असेल."

मग मला एक जाणवायला लागलं. चाक वळवलं, की वळण पुरं व्हायच्या आत ते हातात किंचित थांबायचं. आपण कोणाच्या हातून पेला घेतो आणि तो माणूस सोडायला विसरतो, तसं. पळभरच, मग सैल. मी दांड्याला ग्रीस भरलं. सुकाणूची तार ताणून घेतली. भरतीचं पाणी ओढतं म्हणून मनाची समजूत घातली. ओहोटीलाही ते तसंच थांबायचं.

पुढच्या काचेवर आतून डाग पडू लागला. खांद्याइतका रुंद, ओलसर, कडा पुसट. मी पुसायचे. दोन-तीन फेऱ्या झाल्या की पुन्हा उमटायचा. दमट हवेत काचा धुरकटतात, त्यात काय. पण बाकीच्या काचा कोरड्या असायच्या.

नर्सबाई एकदा केबिनच्या दारात उभ्या राहून नाक मुरडत म्हणाल्या, "ओले कपडे ठेवता का हो इथे? वाळत घातल्यासारखा वास येतो."

"नाही," मी म्हटलं आणि दिवसभर केबिनचे कोपरे धुंडाळत राहिले. एक चिंधी नव्हती.

त्याच आठवड्यात एका दुपारी बोट रिकामी असताना चाक पुसायला घेतलं. फडकं कडेवरून सरकता सरकता अडकलं. व्हार्निश होतं तसंच चकचकीत होतं. त्याखाली खळ्या परत आल्या होत्या. चार इकडे, चार तिकडे, माझ्या बाजूला. भरलेली लांबी कुठे गेली? खाली फळीवर भुगासुद्धा नव्हता.

मी एका खळीत बोट ठेवलं. लाकूड कोमट होतं. ऊन काचेतून येत होतं, म्हणून कोमट असेल. मी बोट काढून घेतलं.

५

"मला... बोटीवर... ने," नवरा म्हणू लागला.

आधी मी टाळलं. मग त्याने जेवणाला तोंड मिटायला सुरुवात केली. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी मिस्त्रीने आणि धक्क्यावरच्या एका हमालाने त्याला खुर्चीसकट उचलून आणलं आणि केबिनमध्ये चाकासमोर ठेवलं. हमाल गेला. मिस्त्री आणि मी दारात उभे.

मला वाटलं होतं तो चाकाला नावं ठेवील. आकार चुकला, लाकूड हलकं, बाईने घेतलेलं दुसरं काय असणार. पण तो चाकाकडे बघतच नव्हता. चाकाच्या वरून, काचेच्या जरा अलीकडे, कोणाच्या तोंडाकडे बघावं तसा बघत होता. त्याचं निम्मं तोंड हळूहळू हसायला लागलं.

"अहो," तो म्हणाला.

माझ्या नवऱ्याने आयुष्यात कोणाला अहो-जाहो केलं नव्हतं. अधिकाऱ्यांना नाही, माझ्या वडिलांनाही नाही.

"अहो... जरा... उजवीकडे."

चाक फिरलं. धक्क्याला बांधलेल्या बोटीत, इंजिन बंद असताना, ते संथपणे फिरलं. पण आमच्या उजवीकडे नाही. आमच्या डावीकडे, म्हणजे समोर तोंड करून उभ्या असलेल्या माणसाच्या उजवीकडे.

"लाट आली," मी मिस्त्रीला म्हटलं. "सुकाणूला धक्का बसला."

मिस्त्रीने बाहेर पाण्याकडे पाहिलं. पाणी ताटात वाढल्यासारखं होतं.

"असेल," तो म्हणाला.

नवऱ्याने आपला उजवा हात उचलून चाकावर ठेवला. मग माझ्याकडे वळून, दुखण्यानंतर पहिल्यांदाच एका दमात बोलला, "जा तू. तिकिटं बघ."

६

त्या दिवसापासून रोज त्याला बोटीवर न्यावं लागलं. परवाना माझ्या नावाचा आणि खुर्ची त्याची. अधिकाऱ्याने काणाडोळा केला. कप्तान बरा होतोय म्हटल्यावर त्याच्या आड कोण येणार? लोक केबिनमध्ये डोकावून त्याचा हात हातात घेत. "जिद्द असावी तर अशी," म्हणत. मी दोर ओढत असे.

बोट अप्रतिम चालायची. खोटं कशाला बोलू? नवऱ्याच्या चांगल्या दिवसांतही ती अशी चालली नव्हती. धक्क्याला अशी टेकायची, की उभी असलेली माणसं हलायची नाहीत.

मी मनाशी हिशेब मांडत राहायचे. एका हाताने चाक धरता येतं. सवय झाली की येतं. सरळ रस्ता आहे, वारा नाही, खाडी ओळखीची आहे. सगळं बरोबर. पण धक्का जवळ आला की वेगाचा दांडा मागे घ्यावा लागतो. दांडा उजवीकडे. आणि त्याला उजवा हातच होता.

एकदा मी मुद्दाम त्या वेळी केबिनच्या दारात जाऊन उभी राहिले. त्याचा उजवा हात दांड्यावर होता. डावा मांडीवर, तळवा वर, मेलेल्या माशासारखा. चाक फिरत होतं. हळू, आत, मग थोडं बाहेर, जसं हवं तसं.

"कोण फिरवतंय?" मी विचारलं.

त्याने मान वळवली नाही. "दार लाव," म्हणाला. "वारा... त्यांना... बाधतो."

मी दार लावलं.

मला भीती वाटली नाही असं नाही. पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी छातीत येऊन बसलं होतं. एवढ्या वर्षांत मला एकदा आत घेतलं नाही त्याने. आणि ह्याला ना नाव विचारलं, ना गाव विचारलं. सरकून जागा दिली.

दुपारच्या रिकाम्या वेळात आतून त्याचं बोलणं ऐकू यायचं. तो तरुणपणाच्या गोष्टी सांगायचा, वादळात बोट कशी आणली ते. मधे थांबायचा, ऐकल्यासारखा. मग खळखळून हसायचा. आमच्या घरात त्याला असं हसताना मी ऐकलं नव्हतं.

७

मी मिस्त्रीला गाठलं. "चाक काढून टाक. कुठलंही बसव, ट्रॅक्टरचं बसव, पण हे काढ."

"कप्तान ओरडतील."

"ओरडू दे. मी आहे."

नवऱ्याला ताप होता म्हणून त्या दिवशी तो घरी होता. भर दुपारची वेळ. मिस्त्रीने पाना, नळी, पुलर, सगळं केबिनच्या फळीवर मांडलं. मी दारात उभी होते. आत जायला पाय उचलत नव्हता. मिस्त्री चाकाखाली वाकला, नटाला पाना अडकवला, नळी जोडली. नट फिरवताना चाकही सोबत फिरतं, म्हणून ते कोणीतरी घट्ट धरून ठेवावं लागतं.

मी पुढे व्हायच्या आतच त्याने जोर लावला. चाक तसूभर हललं नाही.

"वा, असंच धरा," तो वाकल्या वाकल्या म्हणाला. पुन्हा जोर लावला. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. "थोडं अजून. बाप रे, वहिनी, हातात ताकद आहे तुमच्या."

मी म्हटलं, "मी इथे आहे. दारात."

तो तसाच वाकलेला राहिला. पाना हातात, तोंड खाली. वर बघितलं नाही त्याने, हे मला चांगलं आठवतं. हळूच पाना सोडवला, नळी काढली, एकेक हत्यार आवाज न करता पिशवीत घातलं आणि मान खाली घालून माझ्या बाजूने बाहेर पडला. धक्क्यावर जाऊन त्याने बिडी पेटवली.

"बोट विका, वहिनी."

"कोण घेणार?"

"मग बुडवा."

तिखट जिभेचा माणूस. पण हे तो चेष्टेने म्हणाला नव्हता. त्यानंतर तो आमच्या बोटीवर चढला नाही.

८

ताप उतरला आणि नवरा पुन्हा खुर्चीत जाऊन बसला. चेहरा मेणासारखा झाला होता. मी म्हटलं आज नको. त्याने नुसतं धक्क्याकडे बोट केलं.

आकाश स्वच्छ होतं. पहिली फेरी, बोट भरलेली, नर्सबाई केबिनच्या पाठच्या बाकावर. मी दोर सोडला, बोट वळली, नेहमीसारखी सुरेख. अर्धी खाडी ओलांडेपर्यंत मी तिकिटं फाडली. मग पलीकडच्या धक्क्याला दोर टाकायचा म्हणून बाजूच्या अरुंद फळीवरून चालत बोटीच्या पुढच्या टोकाला गेले.

तिथे उभं राहिलं की पाठ केबिनकडे असते. तोंड धक्क्याकडे. रोज तसंच. त्या दिवशी इंजिनाचा आवाज जरा वेगळा वाटला, वेग कमी व्हायला हवा होता तेव्हा झाला नाही, म्हणून मी मागे वळून पाहिलं.

काचेतून मला नवरा दिसायला हवा होता. दिसला नाही. काचेला पाठ लावून कोणीतरी उभं होतं.

पाठच दिसली. ओला, रंग गेलेला कापडाचा पन्हा, काचेवर चपटा दाबला गेलेला. गच्च भरलेल्या बसमध्ये दाराच्या काचेवर माणूस दाबला जातो तसा. कापडाखाली खांद्याची हाडं होती. चाक वळलं तशी ती हाडं हलली. एक वर, एक खाली. मान दिसली नाही. काच जिथे संपते त्याच्या वर ती असणार, छताखाली आत वाकलेली.

इंजिनाचा आवाज खाली आला. बोट अलगद धक्क्याला टेकली. मी दोर टाकला. कसा टाकला ते माझं मला ठाऊक नाही. पुन्हा पाहिलं तर काचेवर फक्त डाग होता आणि डागाच्या पलीकडे माझा नवरा खुर्चीत बसलेला होता, मान एका बाजूला.

लोक उतरले. काही जणांनी जाता जाता "येतो हं, कप्तान" म्हटलं. नर्सबाई दारात थांबल्या, आत गेल्या, त्याच्या गळ्यावर दोन बोटं ठेवली. मग पापणी उचलून पाहिली, नखं पाहिली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. गोंधळ होता.

"ताई," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हे आत्ता नाही झालेलं. निघालो तेव्हाच गेले असतील हे."

"पण बोट..."

"तेच," त्या म्हणाल्या. पिशवी उचलून निघाल्या, आणि उतरायच्या फळीवर त्यांचा पाय घसरता घसरता वाचला.

९

अंत्यविधीला सगळा धक्का लोटला. "गेला तोही चाकावर हात ठेवून," लोक म्हणत होते. "माणसं सुखरूप उतरवली आणि मग प्राण सोडला." अधिकाऱ्याने चार शब्द बोलून दाखवले. मी पदर तोंडाला लावून ऐकत होते. नर्सबाई मागे उभ्या होत्या. खरं त्यांना ठाऊक होतं. काय बोलणार?

बोट मीच चालवते. दुसरं काय येतं मला?

चाक काढता येईलही. करवतीने कापून काढता येईल, मी विचार केलेला आहे. पण चाक गेलं म्हणून समोरची जागा रिकामी होईल, असं कोणी सांगितलंय? आज त्याचे हात चाकावर आहेत. ते रिकामे झाले तर त्या एवढ्याशा केबिनमध्ये त्यांचं काय करायचं, हे तो ठरवील. मी नाही.

म्हणून रोज सकाळी मी चाक धरते आणि तिकडून ओढ सुरू होते. नवऱ्याशी जुळलं होतं त्याचं. माझ्याशी जुळत नाही. मी उजवीकडे म्हणते, तो त्याच्या उजवीकडे नेतो. बोट नाक हलवत जाते, धक्क्याला आपटते. लोक उतरताना सांगायला चुकत नाहीत, "बाई, वाईट वाटून घेऊ नका, पण कप्तानच्या हातात कशी चालायची!" मी मान हलवते. संध्याकाळी मनगटं सुजलेली असतात.

कालची गोष्ट. धक्का समोर आला होता, मी नेटाने वळवत होते, आणि अचानक डाव्या बाजूची ओढ थांबली. तिथल्या चार खळ्या थंड पडलेल्या माझ्या तळव्याला कळल्या. चाकावर आता त्याचा एकच हात होता.

केबिनच्या काचा लावलेल्या होत्या, दार बंद होतं. माझ्या डोळ्यांवर केसांची बट आली होती, आणि दोन्ही हात गुंतलेले असल्याने मी ती मागे सारू शकत नव्हते. ओल्या कापडाचा वास अगदी जवळ आला. मग कपाळाला काहीतरी गार, ओलं लागलं, आणि ती बट सावकाश, अगदी काळजीपूर्वक, माझ्या कानामागे सारली गेली.

असं माझं कोणी कधी केलं नव्हतं.

मी ओरडले नाही. चाकही सोडलं नाही. बोट धक्क्याला अशी टेकली, की उभी असलेली माणसं हललीसुद्धा नाहीत.